जोडण्यांचा साठा

परीक्षेचा निकाल, प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्ती, रेल्वेचे तिकीट यांपैकी काहीही संगणकावर पाहू गेले, की केव्हातरी एक अनुभव येतोच. पडद्यावर एक चक्र गरगर फिरत राहते, पान काही उघडत नाही, आणि शेजारी बसलेला कोणीतरी निर्वाळा देतो, ‘सर्व्हर डाऊन आहे!’ हे शब्द आता इतके रूढ झाले आहेत, की त्यांचा अर्थ विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. वस्तुतः अशा वेळी सर्व्हर पुष्कळदा उत्तम स्थितीत असतो. त्याचा प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतो, डेटाबेसही स्वस्थ बसलेला असतो. अडलेले असते ते या दोहोंच्या मधल्या जागी. ही मधली जागा कशी चालते, तिची मांडणी कशी करतात आणि ती का अडते, हे संगणकशास्त्र न शिकलेल्या विद्यार्थिमित्रांनाही समजावे अशा रीतीने सांगण्याचा प्रस्तुत लेखात माझा प्रयत्न आहे. उदाहरणासाठी मी जावा भाषेतील टॉमकॅट हा वेब-सर्व्हर घेतला आहे. कारण तो विनामूल्य आहे, पुष्कळ महाविद्यालयांत शिकवला जातो आणि त्याची अंतर्रचना कोणालाही उघडून पाहता येते.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करतो. ज्या व्यवस्थेविषयी मी लिहिणार आहे तिला इंग्रजीत ‘कनेक्शन पूल’ म्हणतात. हा ‘पूल’ मराठीत लिहिला, की आपल्या डोळ्यांपुढे नदीवरचा पूल उभा राहतो आणि अर्थाचा विनाकारण घोटाळा होतो. यास्तव कनेक्शनला मी ‘जोडणी’ आणि पूलला ‘साठा’ असे म्हणणार आहे.

जोडणी महाग का पडते?

वेब-सर्व्हर आणि डेटाबेस हे दोन स्वतंत्र प्रोग्राम होत. बहुधा ते दोन निरनिराळ्या यंत्रांवर असतात. विद्यार्थ्याने बैठक क्रमांक भरून बटण दाबले, की वेब-सर्व्हरला डेटाबेसकडे जाऊन गुण विचारून यावे लागते. त्यासाठी दोघांत बोलण्याचा मार्ग उघडावा लागतो. हा मार्ग म्हणजेच जोडणी. ती उघडताना आधी दोन्ही यंत्रांमध्ये तीन निरोपांची देवाणघेवाण होते. मग डेटाबेस नाव व परवलीचा शब्द विचारतो आणि तो पडताळून पाहतो. संभाषण गुप्त राखायचे असेल तर किल्ल्यांची अदलाबदल होते. शेवटी डेटाबेस या नव्या पाहुण्यासाठी स्मृतीत जागा राखून ठेवतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस तर प्रत्येक जोडणीसाठी एक संपूर्ण नवी प्रक्रिया सुरू करतो. मायएसक्यूएल एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक धागा, नेमून देतो.

या साऱ्या शिष्टाचाराला काही मिलिसेकंद ते काही दशक मिलिसेकंद लागतात. उलट, बैठक क्रमांकावरून एका विद्यार्थ्याचे गुण शोधून देणे हे काम, अनुक्रमणिका नीट केलेली असल्यास, पुष्कळदा एका मिलिसेकंदाच्या आत आटोपते. म्हणजे प्रत्येक प्रश्नासाठी नवी जोडणी उघडावी व उत्तर मिळताच ती मोडून टाकावी असे केले, तर मुख्य कामापेक्षा दाराशी चाललेले आगतस्वागतच लांबते.

पूर्वी आपल्याकडे गावोगावी तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने असत. गिऱ्हाईक आले, की दुकानदार काही चाके, साखळी आणि हँडल जुळवून नवी सायकल तयार करायला बसत नसे. आणि सायकल परत आली म्हणजे ती मोडून सुटे भाग फळीवर ठेवत नसे. दुकानापुढे आठ-दहा सायकली तयार उभ्या असत. चोपडीत नाव आणि वेळ लिहायची, सायकल द्यायची; परत आली, की नावावर काट मारायची आणि तीच सायकल पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायची. जोडण्यांचा साठा म्हणजे हेच दुकान. काही जोडण्या उघडून तयार ठेवतात. ज्या विनंतीला गरज पडेल ती एक उसनी घेते, काम करते आणि परत करते. या दृष्टांताचा उपयोग मला पुढेही वारंवार होणार आहे. कारण दुकानदाराला जे प्रश्न पडत, तेच सगळे साठ्याची मांडणी करणाराला पडतात.

थोडा इतिहास

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली लोकांपुढे आणली. जावातून कोणत्याही डेटाबेसशी एकाच पद्धतीने बोलता यावे म्हणून जेडीबीसी नावाचे संकेत ठरवण्यात आले व १९९७ साली ते जावाच्या १.१ या आवृत्तीत समाविष्ट झाले. प्रारंभी प्रोग्राम स्वतःच जोडणी मागत असे आणि स्वतःच ती बंद करीत असे. पुढे ‘डेटासोर्स’ ही कल्पना आली. प्रोग्रामने जोडणी कोठून येते याची विचारपूस करायची नाही; फक्त डेटासोर्सकडे हात पसरायचा, जोडणी नवी आहे की साठ्यातली हे डेटासोर्सने पाहायचे. २००२ सालच्या जावा १.४ पासून डेटासोर्स हा जावाचाच मूळ भाग झाला. टॉमकॅटचा जन्मही सनमध्येच झाला. जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी तो लिहिला आणि १९९९ साली तो अपाचे या संस्थेच्या स्वाधीन करण्यात आला. २०१० साली सन कंपनी ओरॅकलने विकत घेतली. परंतु टॉमकॅट अपाचेकडेच राहिला व आजही तेथेच वाढतो आहे.

मांडणीच्या चार पायऱ्या

टॉमकॅटमध्ये साठा उभा करण्याचे काम चार पायऱ्यांत होते.

पहिली पायरी म्हणजे डेटाबेसचा ‘ड्रायव्हर’, म्हणजे त्या त्या डेटाबेसची भाषा जाणणारी जार फाइल, टॉमकॅटच्या स्वतःच्या ‘लिब’ या फोल्डरमध्ये ठेवणे. ही फाइल पुष्कळ विद्यार्थी आपल्या प्रोग्रामच्या फोल्डरात ठेवतात आणि मग ‘ड्रायव्हर सापडत नाही’ या तक्रारीने हैराण होतात. कारण साधे आहे. येथे साठा प्रोग्राम तयार करीत नसतो, टॉमकॅट करीत असतो. तेव्हा ड्रायव्हर टॉमकॅटच्या हाताशी असायला हवा.

दुसरी पायरी म्हणजे प्रोग्रामच्या ‘मेटा-इन्फ’ फोल्डरातील ‘कॉन्टेक्स्ट’ या एक्सएमएल फाइलीत ‘रिसोर्स’ नावाची एक नोंद करणे. तीत साठ्याचे नाव, त्याचा प्रकार, ड्रायव्हरचे नाव, डेटाबेसचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द लिहायचे, आणि साठ्याचा आकार ठरवणारे आकडे द्यायचे. प्रकार म्हणून ‘जावाएक्स डॉट एसक्यूएल डॉट डेटासोर्स’ असे लिहितात. येथे एक सूचना. टॉमकॅटच्या १० व्या आवृत्तीपासून सर्व्हलेटच्या नावांतला ‘जावाएक्स’ जाऊन ‘जकार्ता’ आला. ते पाहून काहीजण डेटासोर्सच्या नावातही तोच बदल करतात. तो करू नये. डेटासोर्स मूळ जावाचा भाग असल्यामुळे त्याचे नाव होते तेच आहे.

तिसरी पायरी म्हणजे प्रोग्रामने ‘जावा, कॉम्प, एन्व्ह’ या ठरलेल्या उपसर्गापुढे आपण दिलेले नाव लावून डेटासोर्स शोधणे.

चौथी पायरी म्हणजे जोडणी घेणे, वापरणे आणि ‘क्लोज’ म्हणून परत करणे. या ‘क्लोज’ शब्दाने नवशिक्यांचा गोंधळ उडतो. ‘एवढ्या कष्टाने उघडलेली जोडणी बंद का करायची? मग साठ्याचा उपयोग काय?’ असा प्रश्न मला वर्गात अनेकदा ऐकायला मिळाला आहे. उत्तर असे, की साठ्यातून मिळालेली वस्तू ही खरी जोडणी नसून तिच्यावर चढवलेले एक वेष्टन असते. या वेष्टनाला ‘बंद हो’ म्हटले, की आतली खरी जोडणी बंद न होता साठ्यात परत जाते. सायकल दुकानात परत केल्याने मोडत नाही. परत न केल्याने मात्र दुकान मोडते.

आकड्यांचा अर्थ

आता आकडे पाहू. टॉमकॅटच्या ८ व्या आवृत्तीपासून त्यात डीबीसीपी २ नावाचा साठा अंगभूत आहे. त्याचे चार आकडे मुख्य होत.

‘मॅक्सटोटल’ म्हणजे एकूण जोडण्यांची कमाल संख्या; दुकानातल्या सगळ्या सायकली, बाहेर गेलेल्या आणि उभ्या असलेल्या मिळून. आपण काही न लिहिल्यास हा आकडा ८ धरला जातो.

‘मॅक्सआयडल’ म्हणजे काम नसताना जास्तीत जास्त किती उभ्या ठेवायच्या. न लिहिल्यास हाही ८. मॅक्सटोटल वाढवून मॅक्सआयडल तसाच ठेवला, तर गर्दीच्या वेळी ८ च्या वरच्या जोडण्या परत येताच मोडल्या जातात आणि लगेच पुन्हा नव्या उघडाव्या लागतात. म्हणून हे दोन आकडे जवळजवळचे असावेत.

‘मिनआयडल’ म्हणजे शांततेच्या वेळीही कमीत कमी किती तयार ठेवायच्या. न लिहिल्यास ०.

‘मॅक्सवेटमिलिस’ म्हणजे सगळ्या जोडण्या बाहेर असताना आलेल्या विनंतीने किती मिलिसेकंद वाट पाहायची. न लिहिल्यास हा आकडा उणे १ असतो, आणि त्याचा अर्थ ‘अनंत काळ’ असा आहे. चारही आकड्यांत हा सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा होय. त्याचे कारण पुढे येईल.

साठा केवढा असावा?

‘जास्त जोडण्या म्हणजे जास्त वेग’ हा समज सार्वत्रिक आहे. तो बरोबर नाही. याचा हिशेब करण्यासाठी रांगांच्या गणितातील एक सुंदर नियम आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली तो सिद्ध केला व त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. नियम एका ओळीत सांगता येतो: एखाद्या ठिकाणी सरासरी किती माणसे असतील, तर दर सेकंदाला जितकी येतात त्यांना प्रत्येकजण जितके सेकंद थांबतो त्याने गुणावे.

समजा, दर सेकंदाला ४० विनंत्या येतात आणि प्रत्येक विनंती जोडणी ५० मिलिसेकंद, म्हणजे ०.०५ सेकंद, धरून ठेवते. ४० ला ०.०५ ने गुणल्यास २ येतात. सरासरी फक्त २ जोडण्या पुरतात! शेवटच्या तारखेला गर्दी पाचपट होऊन २०० विनंत्या येऊ लागल्या, तरी हा गुणाकार १० होतो. सरासरीच्या वर चढउतारांसाठी थोडी मोकळीक धरली, तरी १५-२० जोडण्यांत काम भागावे. आता असे समजू, की एका टेबलाला अनुक्रमणिकाच केलेली नाही आणि प्रत्येक प्रश्नाला २ सेकंद लागतात. २०० ला २ ने गुणले, की ४०० येतात! येथे साठा ४०० चा करणे हा उपाय नव्हे. अनुक्रमणिका करून २ सेकंदांचे ०.०५ करणे हा उपाय होय.

शिवाय डेटाबेसच्या यंत्रात प्रोसेसर मोजकेच असतात. चार गाभ्यांच्या प्रोसेसरपुढे १०० जोडण्या एकदम कामाला लावल्या, तर तो एक काम अर्धवट टाकून दुसरे, दुसरे टाकून तिसरे असे करीत बसतो आणि सगळीच कामे उशिरा संपतात. पोस्टग्रेसच्या जाणकारांनी यासाठी एक आडाखा दिला आहे: गाभ्यांच्या संख्येची दुप्पट अधिक तबकड्यांची संख्या. चार गाभे आणि एक तबकडी असल्यास ९. हा काही वेदवाक्य नव्हे. पण सुरुवात कोठून करावी हे त्यावरून कळते.

वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. मायएसक्यूएल मूळ मांडणीत १५१ जोडण्या स्वीकारतो, पोस्टग्रेस १००. साठा प्रत्येक वेब-सर्व्हरचा वेगळा असतो हे येथे ध्यानात ठेवावे लागते. तीन वेब-सर्व्हर असून प्रत्येकाचा मॅक्सटोटल ६० ठेवला, तर बेरीज १८० होते; गर्दीच्या दिवशी मायएसक्यूएल १५१ नंतर दार लावून घेतो. एरवी वर्षभर काही बिघडत नाही, आणि नेमके निकालाच्या दिवशी बिघडते, त्याचे रहस्य बहुधा या बेरजेत असते.

शिळ्या जोडण्या

बराच काळ उभ्या राहिलेल्या सायकलीची हवा उतरते. जोडण्यांचेही तसेच आहे. मायएसक्यूएल मूळ मांडणीत २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास, काहीच न बोलणारी जोडणी आपल्या बाजूने तोडून टाकतो. कधी मधली फायरवॉल त्याहूनही लवकर तोडते. साठ्याला याचा पत्ता नसतो. परिणामी रात्रभर शांत असलेल्या संकेतस्थळावर सकाळी पहिल्या येणाऱ्याला चुकीचा संदेश मिळतो, दुसऱ्या-तिसऱ्यालाही मिळतो, आणि मग सगळे आपोआप सुरळीत होते. असा ‘सकाळचा आजार’ दिसला, की निदान बहुधा हेच.

उपाय दुकानदाराचाच आहे: सायकल देण्यापूर्वी चाक दाबून पाहणे. ‘टेस्टऑनबॉरो’ हे कलम चालू असल्यास साठा जोडणी देण्याआधी ती जिवंत आहे की नाही हे पाहतो आणि मृत असल्यास टाकून देऊन दुसरी देतो. डीबीसीपी २ मध्ये हे कलम मुळातच चालू असते. वेगाच्या लोभाने ते बंद करू नये. हिकारी नावाचा दुसरा एक लोकप्रिय साठा आहे. २०१८ सालच्या स्प्रिंग बूट २ पासून तो त्या चौकटीत मुळातच दिलेला असतो. तो याखेरीज प्रत्येक जोडणीचे आयुष्य मूळ मांडणीत ३० मिनिटांचे धरतो आणि त्यानंतर तिला निवृत्त करतो. टॉमकॅटमध्ये हेच ‘मॅक्सकॉनलाइफटाइममिलिस’ या कलमाने साधते. मात्र ते आपण होऊन लिहावे लागते.

न परतणाऱ्या जोडण्या

आता सर्वांत घातक रोगाकडे येतो. त्याला गळती म्हणतात. जोडणी घेतली आणि परत केली नाही, म्हणजे गळती. साठ्याच्या चोपडीत ती ‘बाहेर गेलेली’ म्हणून कायम राहते. अशा आठ झाल्या, की आठांचे दुकान रिकामे.

हे नुसते तात्त्विक विवेचन नव्हे हे दाखवण्यासाठी एक घडलेली हकीगत सांगतो. २०१९ साली आमच्या सीमाभागातील एका संस्थेने शिष्यवृत्तीचे अर्ज संकेतस्थळावरून मागवले होते. शेवटच्या तारखेला सकाळी अकराच्या सुमारास संकेतस्थळ अडले. टॉमकॅट बंद करून पुन्हा सुरू केला, की पंधरा-वीस मिनिटे चाले आणि परत अडे. ‘गर्दी फार आहे’ असे सगळ्यांचे मत पडले. स्मृती वाढवण्याची गोष्ट निघाली. मी संगणक शिकवतो म्हणून मला पाहायला बोलावण्यात आले.

मी दोन याद्या मागितल्या. एक डेटाबेसकडून: या क्षणी कोणकोणत्या जोडण्या उघड्या आहेत आणि त्या काय करीत आहेत. मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’ म्हटले, की ही यादी मिळते. दुसरी टॉमकॅटकडून: त्याचे सगळे थ्रेड या क्षणी कोठे उभे आहेत. जावाबरोबरच येणाऱ्या ‘जेस्टॅक’ या साधनाने ती मिळते.

पहिल्या यादीत संस्थेच्या प्रोग्रामच्या बरोबर ८ जोडण्या होत्या आणि आठहींपुढे ‘स्लीप’, म्हणजे निजलेली, असा शेरा होता. दुसऱ्या यादीत २०० थ्रेड होते आणि सगळेच्या सगळे एकाच ओळीवर, साठ्यातून जोडणी उसनी मागण्याच्या ओळीवर, वाट पाहत उभे होते. डेटाबेस झोपलेला आणि दाराशी दोनशेंची रांग! यात गर्दीचा दोष नव्हता. टॉमकॅट मूळ मांडणीत २०० थ्रेड ठेवतो. ते सगळे या रांगेत अडकल्यामुळे ज्या पानाला डेटाबेसची मुळीच गरज नव्हती, असे साधे सूचनांचे पानसुद्धा उघडेनासे झाले होते.

कॉन्टेक्स्ट फाइलीत मात्र कमाल जोडण्या ५० आणि प्रतीक्षा १० सेकंद असे स्पष्ट लिहिलेले होते. मग ८ कोठून आले? उन्हाळ्यात टॉमकॅटची ७ वी आवृत्ती काढून ८ वी बसवली होती. ७ व्या आवृत्तीत या कलमांची नावे ‘मॅक्सअ‍ॅक्टिव्ह’ व ‘मॅक्सवेट’ अशी होती. ८ व्या आवृत्तीत ती ‘मॅक्सटोटल’ व ‘मॅक्सवेटमिलिस’ झाली. जुनी नावे नवा साठा मानीत नाही. तो रोजनिशीच्या फाइलीत एक इशारा लिहितो आणि मूळचे आकडे धरून चालू लागतो: ८ जोडण्या आणि अनंत प्रतीक्षा. इशारा रोजनिशीत होता; तो वाचला गेला नव्हता.

पण ८ जोडण्या तरी परत का येत नव्हत्या? रोजनिशी आणखी चाळल्यावर प्रत्येक वेळी अडण्यापूर्वी एकच चूक आठदा नोंदलेली आढळली: मायएसक्यूएलची १३६६ क्रमांकाची, म्हणजे ‘या स्तंभात ही अक्षरे बसत नाहीत’ अशी. अर्जातील नावाचा स्तंभ लॅटिन-१ या अक्षरसंहितेचा होता. त्यात रोमन अक्षरे बसतात. देवनागरी बसत नाही, कन्नडही बसत नाही. ज्या मुलामुलींनी आपले नाव आपल्या लिपीत लिहिले, त्यांच्या अर्जावर ही चूक उद्भवे. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्तीत अशा अक्षरांच्या जागी मुकाट्याने प्रश्नचिन्हे साठत असत. उन्हाळ्यात डेटाबेसचीही ५.७ ही नवी आवृत्ती बसवली होती आणि ती अशी अक्षरे स्पष्टपणे नाकारते. प्रोग्राममध्ये जोडणी परत करण्याची ओळ सर्वांत शेवटी होती. चूक उद्भवली, की प्रोग्राम मधूनच बाहेर पडे, ती शेवटची ओळ कधी येतच नसे, आणि एक जोडणी कायमची गळे. आठ विद्यार्थ्यांनी मराठीत किंवा कन्नडमध्ये नाव लिहिले, की संकेतस्थळ सर्वांसाठी बंद!

या जागी साठा ८ चा ५० केला असता, तर आठव्या अर्जाऐवजी पन्नासाव्या अर्जाला ते अडले असते, इतकेच. खरे उपाय तीन होते आणि ते त्या सायंकाळी झाले. पहिला: जावाच्या ७ व्या आवृत्तीत, म्हणजे २०११ साली, आलेल्या ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ या रचनेत जोडणी घेणे, तिच्यात चूक होवो वा न होवो, बाहेर पडताना जोडणी परत होतेच. दुसरा: स्तंभाची अक्षरसंहिता बदलून यूटीएफ-८ एमबी-४ करणे, तीत आपल्या दोन्ही लिप्या बसतात. तिसरा: कलमांची नावे दुरुस्त करून प्रतीक्षा ५ सेकंदांवर आणणे.

संस्थेने मुदत दोन दिवसांनी वाढवली. पण खानापूर तालुक्यातल्या वाड्यांवरून बसने शहरात येऊन, दिवसभर पडद्यावरचे चक्र पाहून परत गेलेल्यांपैकी प्रत्येकाला ही वाढीव मुदत कळली असेल, असे मला म्हणवत नाही.

वाट किती पाहावी?

अनंत प्रतीक्षा घातक का, हे आता स्पष्ट व्हावे. पाच सेकंद थांबून ‘सध्या काम होत नाही, थोड्या वेळाने या’ असे सांगितले गेले, तर तो थ्रेड मोकळा होतो, बाकीची पाने चालू राहतात आणि रोजनिशीत कारण उमटते. नकार लवकर मिळणे ही माणसाचीही सोय आहे. पाच सेकंदांत नाही म्हणणारा कारकून परवडतो. खिडकी उघडी ठेवून दिवसभर न बोलणारा परवडत नाही.

गळती शोधण्यासाठी साठ्यात आणखी दोन कलमे आहेत. ‘रिमूव्हअ‍ॅबन्डन्डऑनबॉरो’ चालू केल्यास, साठा संपत आला असताना, ठरलेल्या वेळेहून अधिक काळ न वापरलेली जोडणी परत हिसकावून घेतली जाते. ही वेळ मूळ मांडणीत ३०० सेकंद आहे. ‘लॉगअ‍ॅबन्डन्ड’ चालू केल्यास ती जोडणी प्रोग्रामच्या कोणत्या ओळीवर घेतली होती हे रोजनिशीत लिहिले जाते. दुसरे कलम हे चोपडीत लिहिलेले गिऱ्हाइकाचे नाव होय. त्यावरून दोषी ओळ सापडते. पहिल्यावर मात्र कायम विसंबू नये. मोठा अहवाल तयार करणारा प्रश्न ३०० सेकंदांहून अधिक चालला, तर त्याच्या हातचीही जोडणी काढून घेतली जाईल. ही कुबडी आहे. पाय बरा झाला, की सोडायची.

आणखी एक सापळा सांगून हा भाग संपवतो. एक जोडणी हातात असताना तीच विनंती दुसरी जोडणी मागते, असे प्रोग्राम काहीजण लिहितात. समजा साठा ८ चा आहे आणि एकाच क्षणी आठ विनंत्यांनी पहिली जोडणी घेतली. आता आठहीजण दुसरीची वाट पाहणार आणि कोणीच पहिली सोडणार नाही. गळती नाही, चूक नाही, तरी सगळे ठप्प. आठ थ्रेडांना प्रत्येकी दोन लागत असतील, तर निदान ९ जोडण्या हव्यात. मग एकाला तरी दुसरी मिळते, तो काम संपवून दोन्ही परत करतो आणि रांग पुढे सरकते. त्याहून उत्तम म्हणजे एका विनंतीने एकच जोडणी वापरावी.

तात्पर्य

साठा शक्य तितका लहान ठेवावा आणि त्याचा आकार गुणाकाराने ठरवावा. सर्व वेब-सर्व्हरांची बेरीज डेटाबेसच्या मर्यादेत आहे का ते पाहावे. प्रतीक्षेला अंत असावा. घेतलेली जोडणी प्रत्येक वाटेने, चुकीच्या वाटेनेसुद्धा, परत यावी. आवृत्ती बदलली, की कलमांची नावे पुन्हा ताडून पाहावीत आणि पहिल्या दिवशीची रोजनिशी वाचावी. आणि अर्जात नावाची चौकट ठेवताना आपल्या भागातली मुले आपले नाव कोणत्या लिपीत लिहितील याचा विचार आधी करावा. येथे निदान तीन लिप्यांची सोय हवी.

आपल्यापैकी काहीजण उद्या अशी संकेतस्थळे बांधतील, बाकीचे ती वापरतील. बांधणाऱ्यांनी हा हिशेब जवळ ठेवावा. आणि वापरणाऱ्यांपैकी कोणी एखाद्या कार्यालयात ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे उत्तर ऐकले, तर नम्रपणे दोन प्रश्न विचारायला हरकत नाही: डेटाबेसमध्ये या क्षणी किती जोडण्या उघड्या आहेत, आणि त्यांपैकी निजलेल्या किती?